मानेवरची लाल रेघ

विकायला काढलेली मोटारसायकल समोर आणून उभी केली, की मामा आधी तिच्याकडं बघायचेच नाहीत. उजव्या हाताची मूठ अर्धी वळायचे आणि बोटांची मागची बाजू इंजिनाला टेकवायचे. ताप आलेल्या लेकराच्या गळ्याला आई हात लावते ना, तसा. क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थंड होऊ द्या."

"आत्ताच पंपावर जाऊन आलो मामा, म्हणून जरा..." विकणारा सांगायला लागायचा.

"आला असशील की. मी कुठं नाय म्हणलो? पण थंड होऊ द्या."

आणि ते कोपऱ्यावरच्या चाचांच्या हॉटेलात बाकावर जाऊन बसायचे.

तुमच्यापैकी ज्यांनी जुनी गाडी घेतली असेल त्यांना ह्यातली गोम कळली असेल. विकणारा घरूनच गाडी तापवून आणतो. तापलेली गाडी कुणाच्याही पायाला पहिल्या किकला चालू होते. तिचं खरं रूप कळतं ते गारठलेल्या इंजिनाला पहिली किक मारल्यावर. हे ज्ञान आता सगळ्यांना आहे. पण ज्ञान असणं वेगळं आणि समोर घाईला आलेला माणूस उभा असताना दीड तास बाकावर बसून राहणं वेगळं. ते मामांनाच जमायचं.

एकदा एक जण असाच गाडी तापवून आला. गळ्यात साखळी, कपाळावर गॉगल. मामांनी त्याला दीड तास बसवला आणि ओढ्याला पाणी आलेलं असताना मेंढरं पलीकडं कशी न्यायची ते सविस्तर सांगितलं. चाचा शेवटी वैतागून म्हणाले, "मामा, इंजिन ठंडा हुआ के नै मालूम नै, चाय तो कब की ठंडी हो गई!" मग तो माणूस उठला आणि किका मारायला लागला. मारून मारून त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली, साखळी पाठीमागं गेली. मामांनी पुन्हा इंजिनाला हात लावला. "व्हय," म्हणाले, "आता झाली थंड."

मामांचं खरं नाव मला माहीत आहे. पण ते इथं लिहिलं तर आमच्या गल्लीतली माणसंसुद्धा ओळखायची नाहीत. सगळे मामाच म्हणायचे. मूळ धनगराच्या घरातले, फर्दापूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आपण कोकरं राखत होतो, एवढाच त्यांना आपल्या वयाचा हिशोब माहीत. पुढं कळपात रोग शिरला, मेंढरं गेली आणि मामा औरंगाबादला आले. एका खासगी सर्व्हेअरकडं त्यांना काम लागलं. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या आणि दुरुस्त होतील की भंगारात काढायच्या ते लिहून द्यायचं, हा त्या सर्व्हेअरचा धंदा. साहेब जीपमध्ये बसून लिहायचे. मोडलेल्या गाडीपाशी उकिडवं बसायचे मामा. टेप धरायची, वाकलेलं मोजायचं आणि चेसिसच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची.

हा पेन्सिलीचा ठसा म्हणजे मामांचं सगळं आयुष्य म्हणा ना. मोटारसायकलच्या मानेवर, हँडलच्या बरोबर खाली, लोखंडात नंबर ठोकलेला असतो. कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की तो पांढरा उमटतो. साहेबांना एक ठसा लागायचा, मामा दोन घ्यायचे. दुसरा आपल्या वहीत चिकटवायचे आणि त्याच्या शेजारी गाडीचं चित्र काढायचे. लिहिण्यावाचण्याशी फारसं सख्य नव्हतं, पण चित्र असं, की गाडी कुठं मार खाऊन आलीय ते लहान पोरालाही कळावं.

"कशाला ठेवता मामा हे सगळं?" मी एकदा विचारलं.

"मेंढराचा कान कापलेला असतो ना मास्तर, खुणेला? कितीबी कळपात मिसळू द्या, कान बघितला की कळतं कुणाचं हाय. सवय हाय ती."

तीसेक वर्षांत अशा किती वह्या झाल्या होत्या कुणास ठाऊक. सर्व्हेअरनं धंदा बंद केल्यावर मामा घरी बसले, आणि मग जुनी गाडी घेणारे लोक त्यांना सोबत न्यायला लागले. कारण शहरात विकायला निघालेली प्रत्येक दहावी-पंधरावी गाडी मामांच्या वहीत आधीच पडलेली असायची. फी म्हणाल तर चहा आणि एक पेन्सिल. नवी, टोक न काढलेली.

गाडी ते मेंढरासारखी बघायचे. मागच्या चाकाच्या चक्राचे दाते आधी, त्यावरून वय. मग डावीकडून एक फेरी. एका विक्रेत्यानं किलोमीटरचा आकडा दाखवून सांगितलं, "मामा, गाडी घराबाहेर निघालीच नाही." मामा किकच्या रबराकडं बघत बसले. ते घासून गुळगुळीत झालं होतं. म्हणाले, "आकडा मागं फिरवता येतो बाबा. हे रबर कसं फिरवशील?" दुसऱ्या एका गाडीचं मागचं पायदान बघून म्हणाले, "ह्या गाडीनं संसार वढलाय. डाव्या बाजूचंच रबर झिजलंय बघा. बाई बसायची मागं, एका अंगाला. माणूस सावकाश चालवणारा आसंल. घ्या."

पण "घेऊ नका" असं त्यांनी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. बघितलं ते सांगायचं आणि वर म्हणायचं, "घेणार तुमी, बसणार तुमी."

स्वतः ते मोटारसायकलवर कधी बसले नाहीत. चालवायची तर गोष्टच सोडा, मागंसुद्धा नाही. लांबच्या वस्तीत गाडी बघायला जायचं असलं तरी पायी. लोक आग्रह करायचे, ते हात हलवून नको म्हणायचे. "मोडलेल्या इतक्या बघितल्या," ते मला म्हणाले होते, "की साबूत दिसली तरी मला तिच्यात मोडलेलीच दिसती."

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय मामा पुरे सांगून होणार नाहीत.

मी अजिंठ्याकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मला आजही छाती काढावीशी वाटते. बी.ए., बी.एड. केलं आणि फुलंब्रीच्या पुढं, आत आठ किलोमीटरवर, एका संस्थेच्या शाळेत लागलो. बायको औरंगाबादला नर्सिंगचा कोर्स करत होती, म्हणून गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतलेली. सकाळी बसनं फुलंब्री, पुढं मिळेल ते, नाहीतर चालत. प्रार्थनेला मी आठवड्यातून दोनदा तरी उशिरा पोचायचो आणि हजेरीपटावर लाल खूण व्हायची. नोकरी कायम झालेली नव्हती. कायमचा आदेश संस्थेच्या सचिवांच्या हातात होता, आणि तो ते दर वर्षी संस्थेच्या वर्धापनदिनाला स्वतः वाटायचे.

एक दिवस सचिवांनी मला बोलावलं. "सर, आमच्या पुतण्याची गाडी नुसती उभी आहे. तुम्ही घेऊन टाका. वेळेवर याल."

मी म्हणालो, "साहेब, एकदा जाणत्या माणसाला दाखवतो."

ते हसले. "दाखवा की. आमच्या गाडीत काय निघणार आहे?"

खरं सांगायचं तर मला गाडी हवी होती. आणि तरी त्यांच्याकडून नको होती. ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याच्याकडून वस्तू घेतली की ती परत करता येत नाही, एवढं बी.ए.लाही कळतं. मामांनी एखादी खोट काढावी आणि मला सभ्यपणानं नाही म्हणता यावं, ही माझी आशा.

सचिवांचा शहरातला बंगला शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. मी सायकलवर आणि मामा पायी, असे तिथं गेलो. पुतण्यानं गाडी धुऊनपुसून पोर्चमध्ये लावली होती. काळी, शंभर सीसीची. मामांनी बोटं टेकवली. "थंड होऊ द्या."

सचिव आरामखुर्चीत बसलेले. त्यांना कुणी थांबवायची सवय नसावी. "सर, हे तुमचे जाणते का?" त्यांनी विचारलं. मामा पायरीवर बसले होते, त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती, आणि मीही दिली नाही. पुतण्या आतून सर्व्हिसचं पुस्तक घेऊन आला. ते बघून माझा जीव भांड्यात पडला आणि आशाही मावळली. पहिल्या सर्व्हिसपासून प्रत्येक पानावर तारीख, शिक्का, सही. एक पान चुकलेलं नाही. मी शिकलेला माणूस, मला असा कागद दिसला की पुढं बोलायला सुचत नाही. मी ते मामांकडं दिलं. त्यांनी उघडलं नाही. नाकाला लावलं आणि परत दिलं.

"काय झालं?" सचिव म्हणाले.

"काय नाय साहेब. लई सोच्छ ठेवलंय."

इंजिन थंड झाल्यावर एका किकला चालू झालं. मामांनी हँडल वळवलं, खिशातून कागद काढला आणि मानेवर ठसा घेतला. पेन्सिल घासता घासता त्यांचा हात मधेच थांबला. मग पुन्हा चालला. कागदाची घडी करून खिशात टाकली. येताना गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "पुस्तक कुठल्याच गॅरेजात गेलेलं नाय, मास्तर. त्याला तेलाचा वास नाय, काळ्या बोटाचा डाग नाय. एका बैठकीत बसून शिक्के मारलेत. बाकीचं उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले. चाचांच्या बाकावर त्यांनी आपला कागद आणि वहीतला ठसा शेजारी शेजारी ठेवले. नंबर तोच. शेजारी चित्र. गाडीचं मुंडकं मागं दुमडलेलं आणि मानेच्या खालच्या नळीवर एक आडवी रेघ.

"इथं भेग होती. घाटात झाली होती ही. चेसिस बदलायला पायजे होती. आमच्या सर्व्हेअर साहेबांनी दुरुस्ती लिहिली, मग कुणीतरी जोड मारला, वरून पुट्टी, वरून रंग. ह्या पोरानं पुढं घेतली आसंल, त्याला तवा ठावं नसंल. आता ठावं झालंय, म्हणून पुस्तक बनवलंय."

"तुम्ही तेव्हा साहेबांना सांगितलं नाही?"

मामांनी वही मिटली. "टेप धरणाराला कोण इचारतं, मास्तर?"

चाचा गल्ल्यावरून म्हणाले, "छोड दो मास्टर, नक्को ये गाडी."

मी नक्को म्हणायचं ठरवूनच सचिवांच्या केबिनमध्ये गेलो. वाक्य पाठ केलं होतं. सचिवांनी वर बघितलं. त्यांच्यासमोर फायलींची चवड होती, आणि वरची फाईल माझी होती. माझं नाव मला उलटं, पण स्पष्ट दिसत होतं.

"मग? काय म्हणाले तुमचे जाणते?"

आणि मी म्हणालो, "गाडी चांगली आहे, साहेब."

एवढंच घडलं. कुणी धमकी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि त्या उलट्या दिसणाऱ्या नावापुढं मी सरळ खोटं बोललो.

संध्याकाळी गाडी गल्लीत आणली तेव्हा मामा बाकावर होते. मला वाटलं, आता तोंडातून शिवी निघेल. ते उठले, इंजिनाला बोटं टेकवली. सगळं शहर ओलांडून आलेलं इंजिन, तापलेलंच असणार. "थंड होऊ द्या," म्हणाले आणि माझ्याशेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं विचारलं, "लेकीकडं नखाचा रंग हाय का?"

बायको खिडकीत होती. "नेलपॉलिश? लग्नातली बाटली आहे, मामा. कशाला?"

"दे गं जरा. साधा रंग ताणतो, त्याखाली भेग लपती. नखाचा तडकतो."

जोडावरची पुट्टी त्यांनी ब्लेडनं खरवडली आणि जोडाच्या आरपार, वरून खाली, एक बारीक लाल रेघ ओढली. कुंकवाच्या काडीनं ओढावी तशी. "ही अखंड हाय तवर मान हाय. रोज सकाळी बघायची. चाळीसच्या वर न्यायची नाय. मागं कुणाला बसवायचं नाय. वाटेतल्या चौक्याच्या घाटात तर चालत गेल्यावाणी जायचं."

"मला काय दिसणार त्यात, मामा?"

"तुमी नका बघू. मी यीन."

आणि ते यायला लागले. रोज. मी आंघोळ करून खाली उतरायचो तेव्हा ते गाडीपाशी उकिडवे बसलेले असायचे. इंजिनाला बोटं टेकवायची ती सवयीनं, मग हँडल वळवून अंगठ्याचं नख त्या लाल रेघेवरून सावकाश ओढायचं. मग एकच शब्द, "जा."

पावसाळ्यात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन यायचे. एकदा अंगात ताप होता, तरी आले. बायकोनं चिडून वर नेऊन चहा पाजला. "मामा, तुमच्याच गळ्याला हात लावून बघा जरा," ती म्हणाली. मामा हसले, पण आधी खाली जाऊन मला "जा" म्हणून आले.

मी वेळेवर पोचायला लागलो. हजेरीपटावरची लाल खूण गेली. सचिव एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, गाडी मानवली सरांना." मी हसलो. चाळीसच्या वेगानं, हाताखाली जोड, डोळ्यांपुढं घाट, अशी ती माझी रोजची ये-जा. हँडल जरा थरथरलं की मी वेग आणखी कमी करायचो. पण गाडी सोडावी तर सचिव विचारणार, का. चेसिस बदलावी तर नंबर बदलणार, आणि कागद अजून पुतण्याच्या नावावर. तो सही करायला आज येतो, उद्या येतो करत होता.

मग मी एक गोष्ट केली. ती सांगायची लाज वाटते, पण मामांबद्दल लिहायचं तर टाळता येत नाही. मी गाडी विकायचं ठरवलं. पुतण्या सही करायला कबूल झाला तो त्याच बोलीवर, गाडी लांबच्या गावी जावी, म्हणजे काकांच्या कानावर जायची नाही. खुलताबादच्या पलीकडचा एक दूधवाला तयार झाला. तरणा, हसतमुख. म्हणाला, "मास्तर माणसाची गाडी, म्हणजे बघायलाच नको. पण घरचे म्हणतात, एकदा दाखवून घे." रविवारी सकाळी तो आला आणि सोबत जाणता माणूस घेऊन आला. त्याला चाचांच्या हॉटेलात कुणीतरी नाव सांगितलं होतं.

मामा माझ्याच दारात माझी गाडी तपासायला उभे राहिले.

लाल रेघ मी आदल्या दिवशी थिनरच्या बोळ्यानं पुसली होती आणि वरून काळा रंग लावला होता. मामांनी इंजिनाला बोटं टेकवली. इंजिन थंडगार होतं, तेवढी काळजी मी घेतली होती. त्यांनी मानेकडं बघितलं, मग माझ्याकडं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मानेत जोड हाय, बाबा," ते दूधवाल्याला म्हणाले. "मोडून आलेली गाडी हाय. मी हिला दोनदा बघितलंय." एवढ्यावर थांबून ते नेहमीचं वाक्य म्हणतील, घेणार तुमी, बसणार तुमी, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "घेऊ नको."

दूधवाला माझ्याकडं बघत निघून गेला. मी मामांवर उसळलो. "मला रोज जा म्हणता, आणि त्याला घेऊ नको?"

"तुमाला जा म्हणतो, कारण सकाळी मी असतो," मामा म्हणाले. "त्याच्या गावात सकाळी कोण आसंल?"

आणि त्यांनी वर बघून हाक मारली, "लेकी, नखाचा रंग दे गं."

पुन्हा रेघ ओढली गेली, आणि पुन्हा दोघंही त्या गाडीला बांधले गेलो. म्हणजे मी तर होतोच. पण मामाही बांधले गेलेत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांची लेक फर्दापूरला दिलेली, ती बोलवायची, दिवाळीलाही गेले नाहीत. चाचा म्हणायचे, "मामा, जा के आव ना बेटी के पास." मामा म्हणायचे, "सकाळचं कसं करायचं?"

वर्धापनदिनाचा दिवस उजाडला. सकाळी साडेसातला कार्यक्रम, त्यात आदेश वाटायचे. माझा त्या वर्षी निघणार, हे कारकुनानं हळूच सांगितलं होतं. बायकोनं पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. मी खाली आलो. मामांनी नख रेघेवरून ओढलं, थांबले, परत ओढलं.

"आज नको."

मी वाकून बघितलं. रेघ अखंड होती. "मामा, कुठं तुटलीय? सरळ दिसतेय की!"

"दिसत नाय. नखाला लागतंय."

"अहो, आज आदेश आहे माझा! आजच्या दिवस जाऊ द्या. सावकाश जातो."

"नको."

"मामा, तुम्हाला नाही कळायचं. दोन वर्षं झाली मी ह्या दिवसाची वाट बघतोय." आणि मी किक मारली. गाडी चालू झाली. मी बसलो. मामा बाजूला सरले आणि मला वाटलं, सुटलो.

मागं सीट दबली. माझ्या इस्त्रीच्या शर्टाला दोन हातांनी गच्च धरलं. वळून बघितलं तर मामा. धोतर सावरून, दोन्ही पाय दोन्ही बाजूंना लोंबते सोडून, डोळे मिटून. आयुष्यात कधी मोटारसायकलवर न बसलेला माणूस. 

"मामा, उतरा."

"चला. जायचंच हाय ना? चला मग."

"मामा!"

"टेप धरणाराला कुणी इचारत नाय," ते डोळे न उघडता म्हणाले, "पर बसणाराला तर घेऊन जावंच लागंल."

चाचा हॉटेलाच्या दारात फडकं हातात घेऊन नुसते उभे होते. बायको अर्ध्या जिन्यात. मी चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

बसनं गेलो. फुलंब्रीपासून पुढं अर्धं अंतर चालत, अर्धं पळत. पोचलो तेव्हा आदेश वाटून झाले होते आणि सतरंज्या गुंडाळत होते. सचिव स्टाफसमोर म्हणाले, "गाडी असून उशीर, सर?"

पाठ केलेलं वाक्य नव्हतं, ते बरं झालं. मी म्हणालो, "साहेब, गाडीची मान मोडलेली आहे. मी ती चांगली आहे म्हणालो होतो, ते खोटं होतं. मला तेव्हाच माहीत होतं."

माझा आदेश ड्रॉवरमध्ये गेला आणि आणखी पूर्ण वर्षभर तिथं राहिला. ते वर्ष मी बस आणि पाय ह्यांवर काढलं. लाल खुणा पुन्हा सुरू झाल्या.

त्याच दिवशी दुपारी गॅरेजात टाकी काढून जोड घासला. भेग नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत गेलेली होती. मेकॅनिकनं हँडल धरून नुसतं हलवलं, तर ती डोळ्यांदेखत उघडझाप करायला लागली. मी मामांकडं बघितलं. त्यांनी खिशातून कागद काढला आणि पुन्हा एक ठसा घेतला.

गाडी ढकलत गल्लीत आणून भिंतीला लावली. हँडल मामांनी काढून माझ्या खोलीत ठेवायला लावलं, म्हणजे कुणी न्यायची नाही. आता ती कुठंच जाणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बससाठी खाली उतरलो, तर मामा तिच्यापाशी उकिडवे.

"मामा, आता कशाला?"

त्यांनी इंजिनाला बोटं टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "थंड हाय." मग मला म्हणाले, "जा."

तिसऱ्या दिवशीही आले. नंतर रोजच. गाडीवर धूळ बसत गेली, टायर बसले, सीटवर मांजर निजायला लागलं. मामा यायचे, हात लावायचे, "थंड हाय. जा." आणि मी पायी बस स्टँडच्या वाटेला लागायचो. मला पहिल्या पहिल्यांदा हसू यायचं. पुढं पुढं त्या शब्दाशिवाय पाय निघेना.

उन्हाळ्यात लेक येऊन त्यांना फर्दापूरला घेऊन गेली. "चार दिस जाऊन येतो," म्हणाले. जाताना बसमध्ये चढायला आम्ही हात दिला. आठवड्यानं चाचांनी सांगितलं, मामा गेले. झोपेतच गेले. मी वह्यांसाठी फर्दापूरला जाऊन आलो. लेकीनं त्या रद्दीत घातल्या होत्या. तिची काही चूक नाही. नुसते नंबर आणि मोडक्या गाड्या, असलं घरात ठेवायचं तरी कशाला. शहरातल्या कितीतरी गाड्या त्या दिवशी पुन्हा साबूत झाल्या असतील.

परत आलो आणि सकाळी बससाठी खाली उतरलो. गाडी भिंतीला टेकून होती. सगळीकडं धुळीचा जाड थर. इंजिनावर मात्र बाजूबाजूला चार काळे ठिपके, चार बोटांच्या पेरांएवढे, रोज तिथंच हात लागून चकचकीत राहिलेले. त्यांच्यावरही धूळ बसायला लागली होती. धूळ पुसायला आणलेलं फडकं माझ्या हातात होतं. मी पुसलं नाही. तिथं उभा राहिलो, आणि बसची वेळ निघून गेली तरी मला कुणी "जा" म्हणालं नाही.